चांगलं गवत

"यातलं चांगलं कोनतं समजाव रे बापू आमी?" पायाशी बसलेल्या बाईनं मान वर करून विचारलं, आणि यू. एस. राव यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. एकोणीसशे एकोणनव्वदच्या फेब्रुवारीतला गुरुवार होता, सकाळचे साडेसात वाजले होते. हवेत अजून गारवा होता, म्हणजे गरम व्हायला दुसरं काही कारण नव्हतं. गोल्फच्या मैदानातल्या ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गवतावर, बारा बाया खुरपी घेऊन ओळीनं बसल्या होत्या. ग्रीनच्या कडेला पांढरी टोपी घालून सिमेंट कारखान्याचे जनरल मॅनेजर उभे होते, आणि त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं, हॉर्टिकल्चर ऑफिसर राव. त्यांनी नुकतीच बायांना हिंदीतून सूचना दिली होती की, ये जो मोटा, खराब घास है, वो जड़ से निकालना, अच्छा वाला रहने देना. सूचना त्यांना स्वतःला स्पष्ट वाटली होती. आता ही बाई मराठीत विचारत होती, आणि नुसतं विचारत नव्हती, बापू म्हणत होती. तिचा आवाज त्यांनी ओळखला होता. चेहरा त्याच्याही आधी, बाया टेम्पोतून उतरल्या तेव्हाच ओळखला होता, आणि तेव्हापासून ते तिच्या डोक्यावरून पलीकडच्या कारखान्याच्या चिमणीकडं पाहत बोलत होते. "हिंदी में बोलो," ते म्हणाले. बाई त्यांच्याकडं पाहत राहिली. तिला हिंदी कळत नव्हतं असं नाही, बाजारापुरतं कळायचं. मोठ्या साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, "राव, ही तुमच्या ओळखीची आहे का?" "नाही सर," राव म्हणाले, "हे लोक कुणालाही बापू म्हणतात." साहेबांना ते गमतीचं वाटलं. बाईनं मान खाली घातली, पदर दातात धरला आणि खुरपं जमिनीत घातलं.

या यू. एस. रावांचं नाव उत्तम सुधाकरराव निखाडे असं होतं. बेल्याच्या पुढं दोन कोसांवर, जिथं बैलगाडी एका राज्यातून निघते आणि शेताचा धुरा ओलांडला की दुसऱ्या राज्यात जाते, तिथलं हे घर. कापूस, म्हणजे तिथल्या बोलीत पराटी, ज्वारी, बांधावर तूर. आदिलाबादला तेलुगू शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी हजेरीपटावर नाव लिहिताना निखाडे कुठंतरी गाळलं, आणि बापाच्या नावातला राव तेवढा शेवटी ठेवला. हैदराबादच्या शेतकी कॉलेजात त्या रावाचं सोनं झालं. तेलुगू मुलं विचारत, कुठले राव, करीमनगरचे का? उत्तम नुसता हसायचा. हसण्याला कुठलीच भाषा नसते, त्यामुळं तो खोटं बोलला असं कुणालाही म्हणता आलं नसतं. पुढं नोकरीच्या अर्जावर त्यानं स्वतःच यू. एस. राव लिहिलं, आणि वसाहतीत क्वार्टर मिळालं तेव्हा दारावरची पाटीही तशीच झाली. आता तेलुगू लोक त्याला तेलुगू समजत, मोठे साहेब त्याला नुसता राव समजत, आणि गावाकडचं कार्ड आलं की तो ते ऑफिसात न वाचता खिशात ठेवून घरी नेई. यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नसे. लाज वाटण्यासारखं जे होतं ते त्यानं गाळून टाकलं होतं, असं तो समजत होता.

गोल्फचं तर सगळं प्रकरणच साहेबांच्या बदलीबरोबर आलं होतं. बेल्लमपल्लीच्या अलीकडं, खडीच्या जुन्या माळावर, कारखान्यानं नऊ होलांचं मैदान आखलं होतं आणि त्यावर सहा अधिकारी खेळत. गवताची देखभाल चौदा माणसं करीत. होलाभोवती जिथं गवत हवं तिथं आधी नुसते काळपट गोल होते, वाळूत जळकं इंजिन तेल कालवून केलेले. त्यांना ब्राउन म्हणत. कलकत्त्याहून आलेल्या साहेबांना ते पाहून पहिल्याच दिवशी वाईट वाटलं. निदान एका होलाला तरी खराखुरा हिरवा ग्रीन पाहिजे, ते म्हणाले. म्हणून रावांनी वर्षभर खपून तिसऱ्या होलाचा ग्रीन उगवला, आणि तो हरळीचा होता. हैदराबादहून आलेल्या पाकिटावर त्या हरळीचं इंग्रजी नाव छापलेलं होतं, पण पेरावर मुळं फुटलेली, जमिनीला चिकटून सरकणारी ती हरळीच होती, जी काढण्यात त्याच्या बापाची कंबर गेली होती. वसाहतीत नळाला पाणी दिवसाआड येई, ग्रीनला रोज दोनदा. भट्टीची भुकटी पात्यांवर बसे, म्हणून सकाळी पाइपानं गवताला आंघोळ घालायची. एवढी बडदास्त ठेवल्यावर तिथं दुसरं गवतही येणारच. कुंदा आला, त्याच्या बोटाएवढ्या जाड मुळ्या खाली जाऊन बसल्या. आणि मारवेल आला, ज्याचे झुबके एका रात्रीत वर येत आणि साहेबांचा चेंडू त्यात अडकून राही. रविवारी कंपनीचे चेअरमन यायचे होते. खरखरीत गवताचं एक पातं मला दिसता कामा नये, असं साहेब सोमवारी म्हणाले होते, आणि राव कंत्राटी मुकादम डोमाजीला म्हणाले होते की निंदणाच्या चांगल्या बाया आण. उन्हाळाभर काम देतो, असंही म्हणाले होते. चांगल्या बाया कुठं मिळतात हे डोमाजीला ठाऊक होतं. तो सरळ बेल्याकडं गेला.

ती भागाबाई होती. गावात तिला कुणी नुसतं भागाबाई म्हणत नसे. ती उत्तमची भागामाय, कारण त्याची आई कौशल्याबाई निंदायला बसली की पोर भागाबाईच्या पाठीशी असायचं. निंदताना बाया ओळीनं बसतात, प्रत्येकीची आपापली पात, आणि पहिली पात नेहमी हिची. बाकीच्या तिच्या हाताकडं बघून हात चालवत. उत्तम सहा वर्षांचा असताना तिनं त्याचे डोळे पदरानं झाकले होते आणि एकेक गवत हातात दिलं होतं. हे कोनतं? लव्हाळा. कायच्यावून? तीन धारा हायत. हे? केना. आणि हे? तो चाचपून म्हणाला होता, दोरी. ती आणि आई दोघी हसल्या होत्या. ही दोरी नाई रे बापू, ही हरळी, इचं एक पेरं राह्यलं तं पराटीचं वावर खाऊन टाकते. इले उपटली का मुळं वर करून उन्हात मांडाव लागते, नाई तं पडल्या पडल्या धरते. मग तिनं कुरणातलं मारवेलाचं रुंद पातं त्याच्या गालावरून फिरवलं होतं. हे चांगलं, हे बैलाले द्याव. ते पातं कडेनं बारीक करवतीसारखं होतं आणि त्याला सालपटाचा, उन्हात सुकणाऱ्या गोड रसाचा वास होता. पुढं कॉलेजात त्याला गवतांच्या ओळखीत पंच्याऐंशी मार्क पडले. प्राध्यापकांनी विचारलं, इतकं कुठं शिकलास? पुस्तकातून सर, तो म्हणाला होता. ते बोललेलं वाक्य त्याच्या मनात कधी परत आलं नव्हतं. त्या गुरुवारी ते आलं, आणि एकटं आलं नाही.

साहेब त्याला चहाला क्लबच्या व्हरांड्यात घेऊन गेले. तिथून ग्रीन दोनशे पावलांवर दिसत होता. साहेब कलकत्त्याच्या कुठल्या तरी जुन्या मैदानाची गोष्ट सांगत होते, ज्यात एका न्यायाधीशाचा चेंडू कावळ्यानं नेला होता. राव योग्य जागी हसत होते. चांगलं कोनतं, हा प्रश्न त्यांच्या कानात खुंटी ठोकल्यासारखा बसला होता. त्याचं उत्तर तीन शब्दांत देता आलं असतं, हरळी राहू द्या, आणि ते तीन शब्द त्यांनी कशामुळं दिले नाहीत याचा ते विचार करायचं टाळत होते. टाळताना कप उचलत होते, ठेवत होते. साधारण साडेआठला त्यांची नजर ग्रीनकडं गेली. ओळ पुढं सरकली होती, मोडलेली नव्हती, पहिल्या पातीला जुना हात चालत होता. ओळीमागं बांधाच्या बाजूला उपटलेलं गवत पडलं होतं. पण ते ढिगानं पडलेलं नव्हतं. ते मांडलेलं होतं. मुळं वर, पाती खाली, शेजारी शेजारी, उन्हाकडं तोंड करून. कुंदा असा मांडत नाहीत, कुंद्याचा ढीग घालतात. असं फक्त एकच गवत मांडतात, आणि हे दोनशे पावलांवरून ओळखणारा त्या अख्ख्या वसाहतीत एकच माणूस होता. अर्धा ग्रीन अजून शिल्लक होता. उठून चार ढांगा टाकल्या, बांधावरून एक हाक मारली, भागामाय, थांब, तर अर्धा वाचत होता. पण ती हाक मराठीत मारावी लागली असती, आणि साहेबांची गोष्ट अजून संपली नव्हती. कावळा आता हायकोर्टाच्या छपरावर बसला होता. राव कप हातात धरून बसून राहिले. पुढं हैदराबादला बदली झाल्यावर, मुलं मोठी झाल्यावर, कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत कुणी लांबलचक गोष्ट सांगू लागलं की त्यांना त्या कपाचा कान बोटांत जाणवायचा. आपण कळून बसून राहिलो, हे ते कुणाला सांगू शकले नाहीत. बायकोलाही नाही, कारण मग कावळ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

साडेनवाला साहेब ग्रीनवर आले तेव्हा ग्रीन नव्हता. वीतभर खोल उकरलेली, ढेकळं फोडून सारखी केलेली काळी जमीन होती, कपाशीची सरी पडायला तयार असावी अशी. असं स्वच्छ निंदण जिल्ह्यात कुणी दाखवून द्यावं. कुंद्याच्या मुळ्या शेवटच्या टोकापर्यंत खणून काढल्या होत्या. आणि त्या काळ्या जमिनीत जागोजाग, हातभर अंतरावर, मारवेलाचे झुबके ठेवलेले होते, प्रत्येकाच्या बुडाशी बायांनी मातीची भर लावली होती. चांगलं गवत राखलं होतं. पुढच्या आठवड्यात बैल सोडायचे असते तर तक्रारीला जागा नव्हती. साहेबांनी हिंदीत विचारलं, "किसने बोला ये सब निकालने को?" बाया उठून उभ्या राहिल्या. कुणाचाच हात कुणाकडं गेला नाही. भागाबाईनं उत्तमकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसतं थांबणं होतं; ओळीत मागं राहिलेल्या बाईसाठी पहिल्या पातीवालीनं हात थांबवावा तसं. राव इंग्रजीत म्हणाले, "मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं सर. यांना समजलं नाही." हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं शुद्ध होतं.

मग भागाबाई पुढं आली आणि थेट मोठ्या साहेबांशीच बोलायला लागली, हात जोडून, आपल्या बोलीत. "सायेब, हे वल्लं हाय आजून. सावलीत घ्या आन पेरं तोडून लावून देतो आमी, दोन घंट्यात. वरून पानी मारा. दहा रोजात धरते, हे मरनारं गवत नाई. फक्त ऊन चढाच्या आदी करा लागते." ती पुन्हा पुन्हा बांधाकडं बोट दाखवत होती, जिथं उपटलेली हरळी सुकायला लागली होती. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. हरळीचा ग्रीन तोडलेल्या पेरांवरूनच लावतात, हे पाकिटावरही छापलेलं होतं. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि रावांना विचारलं, "काय म्हणते आहे ही?" साहेब या प्रश्नाचं उत्तर ज्याला येत होतं त्यालाच विचारत होते, पण त्यांना ते माहीत नव्हतं. उत्तमच्या जिभेवर सगळं होतं. ओलं आहे, पेरं, दोन तास. पण ते भाषांतर करायचं म्हणजे आपल्याला ही बोली येते हे सांगायचं. मग सकाळी का आली नाही, हे सांगायचं. मग बापू कोण, हे सांगायचं. एक धागा ओढला की सगळंच उसवत गेलं असतं. "माफी मागते आहे, सर," ते म्हणाले. "समजलं नाही म्हणते." साहेबांनी मान हलवली. माफीचं त्यांना काही करायचं नव्हतं. या बाया पुन्हा मैदानावर दिसता कामा नयेत, असं ते डोमाजीला सांगून गेले. डोमाजीनं बायांना टेम्पोत चढवलं आणि चढवताना बोलला, "बारा जनी मिळून एक हरळी वळखू नाई आली तुमाले? माया तोंडाले काळं फासलं." भागाबाई टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली आणि बांधावरच्या हरळीकडं पाहत गेली.

दुपारी साहेब फॅक्टरीत गेल्यावर रावांनी माळ्यांना बोलावून, तेलुगूत सांगून, हरळी सावलीत आणली, पेरं तोडून लावली, पाणी मारलं. स्वतःही गुडघ्यावर बसून लावली. अर्धी वाळली होती, अर्धी धरली. रविवारी चेअरमन आले, त्यांच्या पाठीत उसण भरली होती, त्यांनी खेळ पाहिलाही नाही, व्हरांड्यात बसून पापड खाल्ले. महिन्याभरात तिसरा ग्रीन आधीपेक्षा दाट झाला, कारण जमीन इतकी खोल आणि स्वच्छ कधीच निंदली गेली नव्हती. कुंद्याची एक मुळी परत आली नाही. साहेबांनी मिटींगमध्ये रावांचं नाव घेतलं, नुकसानीतून त्यांनी किती शास्त्रीय पद्धतीनं ग्रीन उभा केला ते सांगितलं, आणि बाकीच्या आठ होलांचं कामही त्यांच्याकडं दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राव उभे राहून थँक्यू म्हणाले, आणि त्या वेळी त्यांना असं वाटलं की आपण अंगावर काहीच घातलेलं नाही आणि समोरच्या लोकांना सभ्यतेमुळं ते बोलता येत नाही.

ते गावाला गेले ते पोळ्याला. मधले सहा महिने त्यांनी जाणं टाळलं होतं. बस बेल्याला उतरून चालत निघाले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पराटी कमरेला आली होती आणि वावरावावरात बायांच्या ओळी निंदायला बसल्या होत्या; सण असला तरी सकाळचं निंदण सुटत नाही. ते प्रत्येक ओळीची पहिली पात बघत होते. कुठंच भागाबाई नव्हती. त्यांना बरं वाटलं, आजारी असेल, आणि असं बरं वाटल्याचं लगेच वाईट वाटलं. घरी जेवताना आईनंच सांगितलं. "तिले यंदा कोनीच नाई बोलावलं बापू. कंपनीत तिनं तुया गवताचा नास केला म्हन्तेत. डोमाजीनं साऱ्या बजारात सांगतलं. आता लोक म्हन्तेत, म्हातारीले गवत वळखू येत नाई, पराटी उपटून टाकन. म्या पन नाई बोलावलं. तुया बापाले राग हाय." भागाबाईजवळ जमीन नव्हती, घर पळसाच्या पानांनी शाकारलेलं. गावात तिचं जे काही होतं ते तेवढंच होतं, गवत ओळखणारा हात. चाळीस वर्षं ती डोळे झाकून ओळखत आली होती आणि आता रस्त्यानं जाताना पोरंसुद्धा तिला पळस दाखवून, हे काय हाय वं आजी, असं विचारत. आणि हे सगळं एका वाक्यानं परत उभं राहणार होतं. ते वाक्य बोलायला त्या गावात एकच माणूस लायक होता, आणि तो पुरणपोळी खात होता. संध्याकाळी बोलायचं, त्यानं ठरवलं. ठरवलं की त्याला नेहमी जेवण जात असे, तेव्हाही गेलं.

संध्याकाळी बैलांची मिरवणूक संपल्यावर माणसं ओट्यावर येऊन बसली. सुधाकरराव, शेजारचे अमृतराव, आणखी चार जण. कुणीतरी भागाबाईला बोलावून आणलं होतं, का ती आपणच आली होती, हे त्याला कळलं नाही. ती ओट्याखाली, पायरीजवळ उकिडवी बसली. उन्हाळ्यात ती बरीच वाळली होती. अमृतराव तिला म्हणाले, "काऊन वं भागाबाई, माया वावरात येतं का उद्या? पन येताना चष्मा घेऊन ये, नाई तं पराटी उपटशीन आन कुंदा ठेवशीन." सगळे हसले. उत्तमच्या तोंडावरही हसू आलं, ते त्यानं आणलं नव्हतं, पण आलं. कौशल्याबाई दारातून म्हणाली, "माया पोराची नोकरी जात होती तिच्यापायी. पाया पड म्हना त्याच्या." भागाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं उत्तमकडं मान वर केली, आणि तिचा आवाज साधा होता, वावरात पाणी मागावं तितका. "बापू," ती म्हणाली, "तूच सांग आता यायले, तिथं काय झालं होतं ते. तू सांगशीन ते गाव आयकन. मले काई नाई पायजे. मले उद्या पात पायजे."

अमृतराव विडी पेटवायची थांबले. इथं साहेब नव्हते, टोपी नव्हती, इंग्रजी नव्हतं. त्याला सगळं बोलता येत होतं, आणि बोलायची जी बोली होती तीच त्याची होती. तिनं मले इचारलं होतं, चांगलं कोनतं. म्या सांगतलं नाई. एवढंच. पण बाप त्याच्याकडं बघत होता, वर्षभरात गावात दोनदाच दिसणाऱ्या, कारखान्यात मोठ्या झालेल्या पोराकडं बघावं तसा. आणि आई दारात उभी होती. आणि ते वाक्य आता फक्त गवताबद्दल राहिलं नव्हतं, त्यात सकाळचं हिंदी होतं, कप होता, माफी होती, दारावरची पाटी होती. तो खूप वेळ गप्प बसला. इतका की ओट्यावरच्यांना वाटलं, पोराला जुना राग आवरत नाहीये. मग तो बोलला, आणि त्याचा आवाज त्याच्याच कानाला फार प्रेमळ वाटला.

"जाऊ द्या आता," तो म्हणाला. "चुकते मानसाचं. म्या तं तिले तवाच माफ केलं. तू मनाले लावून नोको घेऊ, भागामाय."

ओट्यावर एकदम मोकळं झालं. सुधाकररावांनी समाधानानं खाकरून घसा साफ केला. भागाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं बापू," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून अंधार पडायच्या आत आपल्या घराकडं चालू लागली. तिला कुणी थांबवलं नाही, उद्याची पातही कुणी दिली नाही. ती बैलांच्या गोठ्यापलीकडं वळली तेव्हा अमृतरावांनी विडी पेटवली, एक झुरका घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तं मनतो, एवढा मोठा सायेब झाला पोट्टा, पन आपली बोली नाई इसरला."